जग बुडालं, सोंगट्या उरल्या

बुद्धिबळात राजाशेजारी उभ्या असलेल्या सोंगटीला आपण वजीर म्हणतो. युरोपात तीच सोंगटी राणी आहे. आपला हत्ती तिकडे बुरूज झाला, आपल्या उंटाचा इंग्लंडात बिशप झाला. ही वजिराची सोंगटी पूर्वी फक्त एक घर तिरकी सरकायची. पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात तिला पटभर धावायची मुभा मिळाली. आज सांगलीत किंवा पुण्यात पट मांडणारी पोरं नाव वजिराचं घेतात आणि चाल युरोपातल्या राणीची खेळतात. त्यात कुणाचंच काही बिघडत नाही.

म्हणजे एका खेळात तीन थर असतात. पहिला गोष्टीचा: कोण कुणाशी आणि का लढतंय. दुसरा नियमांचा. तिसरा वस्तूंचा: पट, सोंगट्या, फासे. हे थर एकमेकांना चिकटलेले दिसतात, पण सुटेही होतात.

आजची पोस्ट या तीन थरांबद्दल आहे. उदाहरण मात्र बुद्धिबळाचं नाही. टेबलावर छोट्या मूर्तींचं सैन्य मांडून खेळायच्या युद्धखेळांचं आहे. या खेळांना स्वतःचं काल्पनिक जग असतं, त्याचा नकाशा, राजघराणी, शेकडो वर्षांचा इतिहास असतो. आणि कधीकधी कंपनी ते जग मोडून नव्याने मांडते. याला रीबूट म्हणतात. मग खेळाडू चिडतात, सोडून जातात, काही परत येतात.

सायन्सच्या ब्लॉगवर हे कुठून आलं, असं वाटेल. गेल्या महिन्यात पेटची तयारी करणाऱ्या दोघींनी विचारलं होतं, "ताई, 'अमुकमुळे तमुक झालं' असं कधी म्हणता येतं? पाठ्यपुस्तकातलं नको, खरं उदाहरण दे." माझ्या माहितीतलं सगळ्यात चांगलं उदाहरण हेच आहे. शिवाय यात माझं स्वतःचं एक दुखणं आहे, ते शेवटी सांगते.

खेळ कुठून आला

युद्धखेळांची सुरुवात बुद्धिबळातूनच झाली. १७८० मध्ये जर्मनीतल्या ब्रुन्सविक इथे योहान हेलविग यांनी बुद्धिबळाचा पट वाढवून, त्यावर डोंगर-नद्या आणून लष्करी शिक्षणासाठी खेळ तयार केला. १८२४ मध्ये प्रशियाच्या सैन्याने फॉन राइसविट्झ पितापुत्रांचा 'क्रीगस्पील' स्वीकारला. तो खऱ्या नकाशांवर, फासे टाकून, पंचाच्या देखरेखीखाली खेळला जायचा. १९१३ मध्ये एच. जी. वेल्स यांनी 'लिटल वॉर्स' हे छोटं पुस्तक काढलं आणि हा प्रकार घरातल्या जमिनीवर, खेळण्यातल्या शिशाच्या सैनिकांपर्यंत आला. इथपर्यंत जग खरंच होतं. वॉटर्लूची लढाई खेळायची तर वॉटर्लू कुणी रद्द करू शकत नाही.

काल्पनिक जग आलं आणि मालकीचा प्रश्न आला. १९८३ मध्ये इंग्लंडमधल्या गेम्स वर्कशॉप कंपनीने 'वॉरहॅमर' काढला. ब्रायन अ‍ॅन्सेल, रिचर्ड हॅलिवेल आणि रिक प्रीस्टली हे त्याचे कर्ते. हेतू साधा होता: सिटाडेल या नावाने विकल्या जाणाऱ्या धातूच्या छोट्या मूर्ती, म्हणजे मिनिएचर, लोकांनी जास्त घ्याव्यात. जगाची गोष्ट हळूहळू साचत गेली. त्यातलं 'एम्पायर' मध्ययुगीन जर्मनीसारखं, 'ब्रेटोनिया' फ्रान्ससारखं, 'किस्लेव्ह' रशियासारखं. वाळवंटात ममी झालेल्या राजांचं राज्य, समुद्रापार सरड्यांची साम्राज्यं. तीस वर्षांत नियमपुस्तकाच्या आठ आवृत्त्या निघाल्या. त्या जगाचं पंचांग मात्र साधारण एकाच काळाशी थांबलेलं राहिलं. सर्वनाश कायम उंबरठ्यावर, पण आत येत नाही.

यात खेळाडूचं काय लागलेलं असतं? माझा लॅबमधला सीनियर सध्या नॉटिंगहॅमला पोस्टडॉक आहे. गेम्स वर्कशॉपचं मुख्यालय तिथेच आहे, आणि शेजाऱ्याच्या नादाने दादाही रंगकामाला लागला. तो फोनवर म्हणाला, "अगं, अंगठ्याएवढ्या एका शिपायाला माझ्या दोन संध्याकाळी गेल्या. सैन्यात असे शंभर असतात." मूर्ती सुटे भाग जोडून बनवायची, प्रायमर मारायचा, चिलखत, चेहरा, पट्टे रंगवायचे आणि ती एका बेसवर चिकटवायची. वॉरहॅमरमध्ये बेस चौकोनी असायचे, कारण शिपाई रांगेत, खांद्याला खांदा लावून उभे करायचे. हा चौकोनी बेस लक्षात ठेवा. पुढे त्याचं काम आहे.

जग बुडवलं ते वर्ष

२०१० मध्ये आठवी आवृत्ती आली. तिच्या नियमांत मोठमोठ्या तुकड्यांचा फायदा व्हायचा. त्यामुळे नव्या माणसाला खेळायला बसण्याआधीच भरपूर विकत घ्यावं आणि रंगवावं लागे. जुने खेळाडू होते, नवे येणं अवघड होत होतं.

ऑगस्ट २०१४ मध्ये 'एंड टाइम्स' ही मालिका सुरू झाली. नागाश, ग्लॉटकिन, खेन, थॅनक्वॉल आणि आर्काऑन अशी पाच पुस्तकं मार्च २०१५ पर्यंत आली. एकेक राज्य पडत गेलं, एकेक नायक मेला आणि शेवटच्या पुस्तकात जग खरोखर नष्ट झालं. नंतरच्या गोंगाटात एक गोष्ट विसरली जाते. ही मालिका चालू असताना खेळाडूंमध्ये उत्साह होता. अमक्या नायकाचा शेवट नीट लिहिला नाही अशा तक्रारी होत्या, पण इतकी वर्षं थांबलेलं पंचांग पुढे सरकतंय याचा आनंदही होता. लोकांनी पुस्तकं घेतली, नागाशची भलीमोठी मूर्ती घेतली, रंगवली.

जुलै २०१५ मध्ये त्याच्या जागी 'एज ऑफ सिग्मार' आला. जग नवं: आठ वेगवेगळी जादुई क्षेत्रं, सोनेरी चिलखतातले देवदूतासारखे योद्धे. नियम फक्त चार पानांचे आणि फुकट. बेस आता गोल. आणि सैन्याचे गुण गायब.

हे शेवटचं समजून घ्यायला कुस्तीचा वजनगट आठवा. वॉरहॅमरमध्ये प्रत्येक तुकडीला ठरावीक गुण होते. दोन अनोळखी माणसं "दोन-दोन हजार गुण" एवढंच बोलून टेबलाला उभी राहू शकत होती. नव्या खेळात वजनकाटाच काढून घेतला. कुणी किती सैन्य आणायचं ते आपसात ठरवा, असं सांगितलं. जुन्या सगळ्या मूर्तींसाठी नवे तक्ते कंपनीने फुकट दिले खरे, पण त्यातले काही नियम चेष्टेचे होते. एका सरदाराच्या बाबतीत तर प्रतिस्पर्ध्यापेक्षा तुमची मिशी मोठी असेल तर फासे पुन्हा टाकायची सवलत होती! वीस वर्षं सैन्य जपणाऱ्याला हा विनोद कसा लागला असेल, याची कल्पना करा.

त्याच महिन्यात एका खेळाडूने आपलं रंगवलेलं सैन्य जाळतानाचा व्हिडिओ टाकला. तो जगभर फिरला. एज ऑफ सिग्मारबद्दल आजही कुठे काही लिहून आलं की तो जाळ हटकून येतो, आणि सोबत निष्कर्षही तयार असतो: "लाडकं जग बुडवलं म्हणून खेळाडू चिडले."

राग नेमका कशाचा?

आता आपलं काम सुरू होतं. "जग बुडवलं म्हणून चिडले" हे एक गृहीतक आहे. त्याला 'अ' म्हणू. दुसरं गृहीतक 'ब': आपलं सैन्य दुसऱ्याच्या सैन्याशी तोलायची सोय काढून घेतली म्हणून चिडले. जुलै २०१५ मध्ये गोष्ट, नियम आणि वस्तू हे तिन्ही थर एकाच वेळी बदलले. प्रयोगात तीन व्हेरिएबल एकदम हलवले तर परिणाम कशाचा ते त्या प्रयोगातून सांगताच येत नाही. मग करायचं काय? दोन्ही गृहीतकांना विचारायचं: तुम्ही खरे असाल तर पुढे काय दिसायला हवं?

'अ' खरं असेल तर सर्वात मोठा भडका जग नष्ट होताना, म्हणजे मार्चमध्ये उडायला हवा. तो उडाला जुलैमध्ये. 'अ' खरं असेल तर सोडून गेलेले लोक जुनं जग जिथे जपलं जाईल तिथे जातील, आणि जग परत मिळाल्याशिवाय राग निवणार नाही.

प्रत्यक्षात काय झालं ते बघा. युरोपातल्या सांघिक स्पर्धांच्या मंडळींनी २०१५ मध्येच 'नाइन्थ एज' हा खेळ स्वतः लिहायला घेतला. वॉरहॅमरच्या आठ आवृत्त्या झाल्या होत्या, हे नववं युग. त्यांनी रांगेतल्या तुकड्या ठेवल्या, गुण ठेवले, चौकोनी बेस ठेवले. नावं मात्र कंपनीच्या मालकीची असल्यामुळे सोडून दिली. ब्रेटोनियाच्या जागी 'इक्विटेन', एम्पायरच्या जागी 'झोनश्टाल'. म्हणजे ज्यांनी खेळ सोडला, त्यातल्या अनेकांनी जुन्या जगाची नावं खुशाल टाकली आणि नियम-वस्तू घेऊन नव्या घरी गेले. त्याच वर्षी मँटिक कंपनीच्या 'किंग्ज ऑफ वॉर'ची दुसरी आवृत्ती आली. तो खेळ लिहिणारे अलेस्सिओ कावातोरे पूर्वी गेम्स वर्कशॉपमध्येच होते. तिथेही जग वेगळं, पण जुनं सैन्य टेबलावर उतरवता येत होतं.

दुसरा पुरावा २०१६ च्या उन्हाळ्यातला. गेम्स वर्कशॉपने स्पर्धा भरवणाऱ्या अनुभवी लोकांना सोबत घेऊन 'जनरल्स हँडबुक' काढलं. त्यात गुण परत आले. जग परत आलं नाही, चौकोनी बेस परत आले नाहीत, फक्त वजनकाटा परत आला. एज ऑफ सिग्मारच्या स्पर्धा त्यानंतर रुळल्या, आणि तो खेळ २०२४ मध्ये चौथ्या आवृत्तीपर्यंत पोचला.

इथे थांबलो असतो तर पोस्ट छान संपली असती: 'ब' जिंकलं. पण आपल्याला आवडलेल्या गृहीतकाविरुद्धचा पुरावा आपणच शोधायचा असतो.

मे २०१६ मध्ये 'टोटल वॉर: वॉरहॅमर' हा संगणकावरचा खेळ आला. त्याचं जग कोणतं? कंपनीने वर्षभरापूर्वी बुडवलेलं तेच. तो इतका चालला की त्याचे आणखी दोन भाग निघाले. ज्यांनी आयुष्यात ब्रश हातात धरला नाही, गुण मोजले नाहीत, असे असंख्य लोक त्या मेलेल्या जगाच्या प्रेमात पडले. यांच्यासाठी गोष्टीचा थर हाच खेळ होता.

तेव्हा माझं म्हणणं असं की राग एक नव्हता. निदान दोन होते आणि ते एकाच आवाजात ऐकू आले. एका गटाचं जग पुस्तकांत आणि नकाशात होतं. दुसऱ्या गटाचं जग शनिवारी क्लबात समोर उभ्या राहणाऱ्या माणसाशी बरोबरीने लढता येण्यात होतं. पहिल्या गटाला हँडबुकाने काही दिलं नाही. दुसऱ्याला नाइन्थ एजने जवळपास सगळं दिलं. "खेळाडूंची प्रतिक्रिया" असा एकवचनी शब्द वापरला की हा फरक पुसला जातो. तुमच्या प्रपोजलमध्ये "विद्यार्थ्यांची मानसिकता" किंवा "शेतकऱ्यांचा प्रतिसाद" असं लिहाल तेव्हा हे आठवा.

आणखी दोन जगं

एका उदाहरणावर नियम बांधायचा नाही, म्हणून आणखी दोन बघू.

पहिलं 'बॅटलटेक'. शिकागोच्या फासा कंपनीने १९८४ मध्ये काढलेला, राक्षसी यंत्रमानवांच्या लढायांचा खेळ. याचं पंचांग वॉरहॅमरसारखं थांबलेलं नव्हतं. पुस्तकांमागून पुस्तकं येत आणि काल्पनिक वर्षं पुढे सरकत. ती ३०६७ पर्यंत आली असताना २००१ मध्ये फासा बंद पडली. हक्क विझकिड्स कंपनीकडे गेले आणि २००२ मध्ये 'मेकवॉरियर: डार्क एज' आला, थेट ३१३२ सालात. मधली ६५ वर्षं गायब! खेळाडूंच्या ओळखीची सैन्यं विखुरलेली, ओळखीची माणसं म्हातारी किंवा मेलेली. वर हा खेळ तयार रंगवलेल्या, पाकिटात काय निघेल ते न सांगणाऱ्या मूर्तींचा. जुने खेळाडू नाराज झालेच.

पण जुना बॅटलटेक मेला नाही. तो परवान्यावर आधी फॅनप्रो आणि २००७ पासून कॅटॅलिस्ट या प्रकाशकांकडे चालू राहिला. त्याचे मूळ नियम इतके स्थिर आहेत की ऐंशीच्या दशकातलं यंत्र आजही टेबलावर चालतं. मधल्या काळाची गोष्ट नंतर लिहून भरून काढली गेली. विझकिड्स त्या वेळच्या मालक कंपनीने २००८ मध्ये बंद केली, पण ३१३२ साल कुणी रद्द केलं नाही. गोष्ट तिथून पुढे ३१५१ पर्यंत गेली आहे. म्हणजे गोष्टीतली दरी पचली. जुना काटा हातात होता म्हणून पचली, असं मला वाटतं.

दुसरं उदाहरण त्याच गेम्स वर्कशॉपचं, १९८७ पासून चालू असलेलं 'वॉरहॅमर ४०,०००'. यातलं पंचांगही एक्केचाळिसाव्या सहस्रकाच्या अगदी टोकाला अनेक वर्षं अडकलेलं. जानेवारी २०१७ मध्ये केडिया हा प्रसिद्ध किल्लेवजा ग्रह पडला, जूनमध्ये आठवी आवृत्ती आली. नियम मुळापासून बदलले, गोष्ट पुढे ढकलली, नवे, उंच 'प्रायमॅरिस' शिपाई आले. पण पहिल्याच दिवशी पाच निर्देशपुस्तकांत जुन्या सैन्यांचे नवे गुण छापलेले होते. तक्रारी झाल्या, विशेषतः त्या उंच शिपायांवरून. २०१५ सारखी फाटाफूट मात्र झाली नाही. गोष्ट आणि नियम दोन्ही बदलूनही पूल शाबूत होता.

याच खेळाने पूल तोडल्यावर काय होतं तेही दाखवलंय. 'स्क्वॉट' नावाचे अवकाशातले बुटके नव्वदच्या दशकात खेळातून काढून टाकले गेले. गोष्टीत म्हणे त्यांना राक्षसी कीटकांनी खाल्लं. ज्यांच्याकडे ते सैन्य होतं त्यांचं काय? इंग्रजी बोलणाऱ्या खेळाडूंनी एक क्रियापदच बनवलं: तुमचं सैन्य 'स्क्वॉट' झालं, म्हणजे कंपनीने ते वाऱ्यावर सोडलं. बुटके २०२२ मध्ये वेगळ्या नावाने परत आले. क्रियापद अजून जिवंत आहे.

पुरावा कुठे लंगडा पडतो

आता माझ्याच युक्तिवादाची व्हायवा घेऊ.

एक, जाळाचा व्हिडिओ. तो खरा आहे, पण जाळणारा एक. कपाटाचं दार मुकाट्याने लावून घेणारे किती, याची नोंद कुठेच नाही. इतिहासात आवाज करणाऱ्यांचे पुरावे उरतात. मोठा आवाज म्हणजे मोठी संख्या, असं गृहीत धरू नका.

दोन, पैसे. रीबूटमुळे कंपनी बुडाली किंवा तरली, अशी दोन्ही विधानं लोक ठामपणे करतात. मे २०१५ ला संपलेल्या वर्षात गेम्स वर्कशॉपचा महसूल सुमारे ११.९ कोटी पौंड होता. पुढच्या वर्षी, म्हणजे एज ऑफ सिग्मारच्या पहिल्या वर्षी, सुमारे ११.८ कोटी. बुडालीही नाही, तरलीही नाही. त्यानंतर १५.८ कोटी, मग जवळपास २२ कोटी. ही झेप हँडबुकाची म्हणायची का? जानेवारी २०१५ मध्ये केव्हिन राउंट्री मुख्याधिकारी झाले होते, कंपनीची खेळाडूंशी बोलायची पद्धत बदलली होती, २०१७ मध्ये ४०,००० ची नवी आवृत्ती आली. शिवाय वार्षिक अहवालात खेळनिहाय विक्री दिलेली नसते. तेव्हा त्या आकड्यांवरून आपल्या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. आकडा हाताशी आहे म्हणून तो वापरलाच पाहिजे असं नाही.

तीन, कंपनीने खेळाडूंना विचारलं असतं तर? एकदा विचारलं होतं. २००४ च्या उन्हाळ्यात 'स्टॉर्म ऑफ केऑस' नावाची जागतिक मोहीम झाली. हजारो खेळाडूंनी आपल्या टेबलावरच्या लढायांचे निकाल कळवायचे आणि त्यावरून जगाचं भवितव्य ठरायचं. कथेप्रमाणे आर्काऑन हा महाखलनायक एम्पायर चिरडत येणार होता. पण निकालांत त्याचं सैन्य अपेक्षेइतकं पुढे सरकेना. शेवटी ग्रिमगोर नावाच्या ऑर्क सरदाराने त्याला डोक्याने टक्कर देऊन लोळवलं आणि तो निघून गेला! २०१४ मध्ये एंड टाइम्स लिहिताना ही सगळी मोहीम झालीच नाही असं धरलं गेलं. निकाल गृहीतकाला पटेना, म्हणून डेटाच बाजूला ठेवला. हसू नका, लॅबमध्ये हे होतं.

परत आलेलं जग

नोव्हेंबर २०१९ मध्ये गेम्स वर्कशॉपने जुनं जग परत आणायची घोषणा केली आणि जानेवारी २०२४ मध्ये 'द ओल्ड वर्ल्ड' बाजारात आला. युक्ती अशी की बुडालेलं जग वर काढलं नाही. गोष्ट त्याच जगात, पण शेवटाच्या दोन शतकांहून आधीच्या, तीन सम्राटांच्या काळात मांडली. म्हणजे एंड टाइम्स खरंच राहिलं आणि खेळायलाही जागा मिळाली. रांगा परत, गुण परत, चौकोनी बेस परत. पहिल्या पेट्या कुणाच्या? ब्रेटोनियाच्या आणि वाळवंटातल्या ममी राजांच्या. रीबूटनंतर विक्रीतून काढून टाकलेली हीच ती दोन सैन्यं.

यावरून "शेवटी 'अ' जिंकलं" असं कुणी म्हणेल. पण इथे पुन्हा तिन्ही थर एकत्रच परत आले. प्रयोग उलटा केला, व्हेरिएबल वेगळे केले नाहीत.

विज्ञानात पाया बदलायची वेळ येते तेव्हा काय करतात? २० मे २०१९ ला किलोग्रॅमची व्याख्या बदलली. पॅरिसजवळ सेव्र इथे जपलेला प्लॅटिनम-इरिडियमचा ठोकळा निवृत्त झाला आणि प्लांकच्या स्थिरांकावर नवी व्याख्या उभी राहिली. त्या दिवशी बाजारात एकाही भाजीवाल्याला वजन बदलावं लागलं नाही. कारण त्याआधी कित्येक वर्षं जुन्या ठोकळ्याच्या आधारे नवी मोजमापं घेऊन दोन्ही काटे जुळवले होते. जग बदललं, पूल आधी बांधला.

आता माझं दुखणं. पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी आमच्या लॅबमधला जुना फ्लुरोसन्स स्पेक्ट्रोमीटर मोडीत निघाला आणि नवा आला. या यंत्रावर मिळणारी तीव्रता त्या-त्या यंत्राच्या स्वतःच्या एककात असते, दुसऱ्या यंत्राच्या आकड्याशी थेट ताडून बघता येत नाही. दादा लॅबमध्ये असताना रोज सकाळी क्विनीन सल्फेटच्या प्रमाणित द्रावणाचं रीडिंग घ्यायला लावायचा. पहिल्या वर्षी मला ते उगाचचं काम वाटायचं, मी टाळायचे. दुसऱ्या वर्षी त्याच्या धाकाने घेतलं. नवं यंत्र लागल्यावर गाईडसमोर सगळा डेटा मांडला, तेव्हा दुसरं वर्ष त्या क्विनीनच्या पुलावरून अलीकडे आलं. पहिलं वर्ष पलीकडेच राहिलं. रीडिंग चुकीची नव्हती, नमुने खराब नव्हते. फक्त त्यांना तोलायचा काटा उरला नव्हता. थिसिसमध्ये त्याचा एक परिच्छेद झाला आणि मला आठ महिने पुन्हा बसावं लागलं.

त्या दिवसांत दादाशी फोनवर बोलताना तो शेजाऱ्याबद्दल म्हणाला होता, "त्याने ना, सैन्य जाळलं नाही की विकलं नाही. चौकोनी बेससकट माळ्यावर ठेवून दिलं. म्हणतो, जग त्यांचं होतं, रंग माझा आहे." २०२४ च्या हिवाळ्यात शेजाऱ्याने माळ्यावरून खोकी उतरवली. दादाने फोटो पाठवला: धूळ झटकलेले ब्रेटोनियाचे घोडेस्वार, रांगेत.

माझी पहिल्या वर्षाची फाइलही मी डिलीट केलेली नाही. आणि तुम्ही येत्या जूनमध्ये लॅबला रुजू झालात, तर पहिल्या दिवशी एकच विचारा: इथलं प्रमाणित द्रावण कोणतं, आणि त्याचं रीडिंग कोणत्या वहीत लिहितात?